काचेवरची पाळी

कोयता टेबलात इतका खोल रुतला की उपसायला कल्याणप्पाला दोन्ही हात लावावे लागले. उपसला, आणि पुन्हा तिथंच बोटभर अलीकडं हाणला. की-बोर्ड टुणकन उडून परत जागेवर पडला. तारामतीनं हात मांडीवर दाबून धरले होते.

"माझं नाव वर घे," कल्याणप्पा म्हणाला.

"यादी लावणीच्या तारखेनं लागते, आप्पा. मी लावत न्हाय, मशीन लावतंय."

"मग मशीनला सांग."

"मशीन कुणाचं ऐकत न्हाय."

"तू ऐकतीस की."

दारात व्यंकटराव भिंतीला धरून उभे होते. शेतकी ऑफिसातले सगळ्यात जुने कारकून. नाकातून आलेलं रक्त पांढऱ्या मिशीत मुरत होतं. "आप्पा, वहाणा तेवढ्या बाहेर काढा," एवढंच ते म्हणाले होते आणि कल्याणप्पानं मागं वळूनसुद्धा न बघता त्यांच्या तोंडावर कोपर मारलं होतं. कारखान्याचे चेअरमनदेखील या खोलीत अनवाणी यायचे. कल्याणप्पाच्या वहाणांची माती मात्र दारापासून तारामतीच्या खुर्चीपर्यंत सांडली होती.

शहाऐंशीचा पाऊस पोळ्यालाच पाठ दाखवून गेला आणि सत्त्याऐंशीचा जानेवारी उजाडेपर्यंत विहिरींचे तळ लख्ख दिसायला लागले. उभा ऊस आतून पोकळ पडायला लागला. ज्याची तोड आधी, त्याच्या हाती काहीतरी लागणार. ज्याची मागून, त्यानं चिपाडं शेकोटीला न्यावीत. म्हणजे भांडण ठरलेलंच. त्या एका महिन्यात गेटवर एका मुकादमाचं डोकं फुटलं, दोन गाड्यांचे बैल ऐन चढावर सोडून दिले गेले, आणि सख्ख्या चुलत्यानं पुतण्याच्या पिंढरीत कुऱ्हाड घातली. कारखान्याच्या दवाखान्यात कापूस संपला होता आणि कंपाउंडर जुनी धोतरं फाडत बसायचा.

या सगळ्यात एकच गोष्ट सरळ होती, ती म्हणजे पाळीची यादी. ज्याची लावण जुनी त्याची तोड आधी. दर सोमवारी सकाळी कॉम्प्युटर ती यादी छापायचा, व्यंकटराव ती फलकावर टाचायचे, आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्या त्या शेतात जायच्या.

आणि तो कॉम्प्युटर म्हणजे काय चीज होती, हे सबंध कारखान्यात एकट्या तारामतीला ठाऊक होतं. बॉयलरवर कोळसा ओढणाऱ्या आबाराव बनसोड्यांची ही पोर. एसटीनं धाराशिवला जाऊन टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, दोन्हींत पहिली आली, आणि कारखान्यानं तिला एकवीस दिवस पुण्याला शिकायला पाठवलं. परत आली ती टर्मिनलची सगळी अंडीपिल्ली वहीत उतरवून.

बाकीच्यांना टर्मिनलची काच हाच कॉम्प्युटर वाटायचा. दसऱ्याला चेअरमननी नारळ फोडला तो काचेपुढं, हळदकुंकू वाहिलं ते काचेला, झेंडूची माळ घातली ती काचेच्या डोक्यावर. खरं मशीन मागच्या खोलीत होतं, राखी रंगाचं, गोदरेजच्या कपाटासारखं दिसणारं. त्याच्यावर सगळा स्टाफ जेवणाचे डबे ठेवायचा. तारामतीनं एकदोनदा सांगून बघितलं. लोक मान डोलवायचे, आणि पुन्हा काचेलाच हात जोडायचे. सभासद लांबून लांबून यायचे, काचेवर आपलं नाव बघायचे आणि गावात जाऊन सांगायचे, "काचेवर आलंय." म्हणजे झालंच.

"बघ," कल्याणप्पानं कोयत्याचं टोक काचेवर टेकवलं. वरून चौथ्या ओळीवर, मथळ्याखालच्या पहिल्या नावावर. हिरवी इंग्रजी अक्षरं. "ही पहिली ओळ कुणाची?"

"रामलिंगमामांची."

"दीड एकर. मेंढरामागं फिरणारा गडी. आणि माझा अठरा एकर सतराव्या नंबरावर उभा वाळायलाय. काका संचालक हाय माझा. तुमच्या वस्तीतल्या पोरी आता आमच्या पाळ्या लावणार व्हय?"

तो वाकला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास होता.

"दहा आकडे मोजतो. नाव वर गेलं न्हाय, तर आधी या म्हाताऱ्याची बोटं. मग तुझी."

त्यानं व्यंकटरावांचं मनगट धरून त्यांना ओढत आणलं आणि त्यांचा पंजा टेबलावर, कोयत्याच्या खाचेत ठेवला. व्यंकटरावांनी डोळे मिटून घेतले.

"एक," कल्याणप्पा म्हणाला.

तारामतीनं एक बटण दाबलं, मग दुसरं. मशीन लोकलवर पडलं.

हे पुण्याच्या इंजिनिअरनं शेवटच्या दिवशी, जाता जाता सांगितलं होतं. टर्मिनल लोकलवर टाकलं की मागच्या कपाटाशी त्याची बोलाचाली बंद. मग टाइप कराल ते नुसतं काचेवर उमटतं, आत काही जात नाही. आणि काचेवर कुठं उमटवायचं तेही आपल्या हातात असतं. लुकलुकणारा तो हिरवा चौकोन, ज्याला सगळे कर्सर म्हणत आणि व्यंकटराव काजवा म्हणत, त्याला हवा तिथं नेऊन बसवता येतं. एस्केपचं बटण, चौकोनी कंस, ओळीचा आकडा, अर्धविराम, रकान्याचा आकडा आणि शेवटी मोठा एच. काचेवर चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने. पत्ता द्यायचा, की काजवा उडी मारून तिथं हजर. जेवणाच्या सुट्टीत तारामतीनं असे पत्ते देऊन देऊन काचेवर ठिपक्यांची रांगोळी काढली होती आणि व्यंकटरावांनी अख्ख्या ऑफिसला बोलावून दाखवली होती.

"चार," कल्याणप्पा म्हणाला.

एस्केप. कंस. चार, अर्धविराम, आठ, एच. काजवा पहिल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर जाऊन बसला. तिनं त्याच्यावरूनच कल्याणप्पाचं नाव टाइप केलं. रामलिंग पुसला गेला.

कल्याणप्पाचं मोजणं थांबलं.

मग विसावी ओळ, आठवा रकाना. तिथं रामलिंग. पण इंग्रजीत रामलिंगची अक्षरं सात आणि कल्याणप्पाची दहा, त्यामुळं शेपटीला तीन अक्षरं लोंबकळत राहिली, रामलिंगप्पा. तिनं स्पेसच्या लांब पट्टीवर तीनदा अंगठा मारला. अक्षरं गेली. गाव दोघांचं एकच, त्याला हात लावायची गरज नव्हती. आणि लावणीच्या तारखा तिनं जिथल्या तिथं ठेवल्या. त्या खोट्या करायला तिचा हात उचलला नाही.

कल्याणप्पानं पहिली ओळ बोट फिरवत वाचली. स्वतःचं इंग्रजी नाव तेवढं त्याला वाचता येत होतं. दोनदा वाचलं.

"येतंय की मशीनला," तो म्हणाला. व्यंकटरावांचा हात त्यानं फेकल्यासारखा सोडला आणि वहाणा वाजवत निघून गेला.

व्यंकटराव खाली बसले, कोपराच्या दणक्यानं निखळलेली चष्म्याची एक काच हातानं चाचपून शोधू लागले.

"तारा," ते म्हणाले, "यादी बदललीस व्हय?"

"यादी हाय तिथं हाय, काका. नुसतं काचेवर लिहिलंय."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी खरी निघंल."

"मग सोमवारी मरायचं म्हण की," व्यंकटराव म्हणाले, आणि सापडलेली, तडा गेलेली काच सदऱ्याला पुसू लागले.

तारामतीनं मशीन लायनीवर घेतलं, यादी पुन्हा मागवली. रामलिंग एक. कल्याणप्पा सतरा. तिला हलकं वाटलं. थोडी घमेंडही आली म्हणा ना. अख्ख्या तालुक्याला पळता भुई थोडी करणारा माणूस तिनं सहा बटणांत फिरवला होता. त्या शनिवारी घरी जाताना ती एसटीच्या खिडकीत बसून मनातल्या मनात हसली.

तिला वाटलं होतं, वाईट काय व्हायचं ते सोमवारी होईल. पण रविवारीच झालं.

रामलिंगच्या बांधावर टोळी येऊन उतरली होती. त्याचा नंबर पहिला हे सगळ्यांना ठाऊकच होतं. झोपड्या घालून झाल्या होत्या, बायका कोयत्यांना धार लावत होत्या. तेवढ्यात कल्याणप्पा दोन ट्रॅक्टर घेऊन आला. "काचेवर माझं नाव लागलंय," तो म्हणाला, "टोळी माझ्या रानात चला." मुकादमानं तोडीची चिठ्ठी मागितली. कल्याणप्पानं त्याला चाबकाच्या दांड्यानं झोडपलं. झोपड्यांवरून ट्रॅक्टर घातला. एका बाईची चूल चिरडली, भाकरीचं पीठ चाकाला चिकटलं. आणि रामलिंग, ज्यानं जन्मभर मेंढराच्या अंगावरसुद्धा काठी जोरानं टाकली नव्हती, तो ट्रॅक्टरपुढं आडवा झाला. चार गड्यांनी त्याला बांधावर ओढून मारलं. दगडानं, लाथांनी, उसाच्या टिपऱ्यांनी. टोळी मात्र चिठ्ठीशिवाय हलली नाही.

तारामती दवाखान्यात पोचली तेव्हा त्याला सात टाके पडले होते. फाडलेल्या धोतराची पट्टी लालभडक झाली होती.

"पोरी," रामलिंग म्हणाला. ओठ सुजल्यामुळं शब्द जड येत होते. "माझं नाव तू खाली घातलंस म्हणं."

"काचेवर घातलं, मामा. यादीत न्हाय."

"ते येगळं असतंय व्हय?"

"येगळं असतंय. यादी मागच्या कपाटात हाय. तिथं तुमचं नाव अजून पहिलंच हाय. म्या काचेवर नुसतं खोटं लिहिलं, त्यो जावा म्हणून."

रामलिंगनं डोक्यावरची पट्टी चाचपली.

"नाव खोटं," तो म्हणाला, "पर डोस्कं तर खरंच फुटलं की."

पुण्याच्या वहीत सगळं लिहिलं होतं, काजवा कुठं न्यायचा, ओळ कशी पुसायची, अक्षरं उलटी कशी करायची. काचेवरचं खोटं बघून माणूस रानात जाऊन काय करेल, ते कुठल्याच पानावर नव्हतं. ती स्टुलावर तशीच बसून राहिली. उठताना रामलिंगच्या पायांना हात लावला. तो म्हणाला, "उद्या नाव लागंल न्हवं?" ती म्हणाली, "लागंल."

सोमवारी आठ वाजता फलकापुढं दीडदोनशे माणूस जमलं होतं. व्यंकटराव तिच्या खुर्चीमागं उभे होते.

"एक आठवडा जाऊ दे, तारा," ते हळूच म्हणाले. "राहू दे त्याचं नाव वर. पुढच्या सोमवारी सरळ करू."

"आठ दिवसांनी रामलिंगमामाच्या रानात काय उरंल?"

"तुला काय उरंल ते बघ की आधी."

"काका, परवा म्या तुमची बोटं वाचवायला खोटं लिहिलं. त्याचं रगत रामलिंगमामानं सांडलं. आता माझी वाचवायला लिहिलं तर ते कुणाच्या अंगावर जाईल?"

व्यंकटरावांनी तिच्याकडं बघितलं आणि मागच्या खोलीत जाऊन प्रिंटरला कागद चढवला.

तिनं तीन प्रती मागवल्या. एक फलकाला, एक गेटला, एक वजनकाट्याला. एक प्रत काढली की दुसरी काढायला मशीन बराच वेळ घ्यायचं. पहिली निघाली तशी फाडली आणि स्वतः फलकाकडं गेली. नेहमी व्यंकटराव टाचायचे. आज तिनं टाचली, आणि गर्दीकडं तोंड करून उभी राहिली.

"पहिला नंबर रामलिंगमामांचा हाय. आधीपास्नं तोच होता. शनिवारी काचेवर जे दुसरं नाव दिसलं, ते म्या खोटं लिहिलं होतं. कोयता बघून लिहिलं."

कल्याणप्पा पुढंच उभा होता, फेटा बांधून. दोन दिवस गावभर मिरवला होता तो. त्यानं शेजारच्याला विचारलं, "माझा कितवा?" शेजारचा वाचून म्हणाला, "सतरा." मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी एक जण हसला. मग ते हसू गर्दीत पसरत गेलं.

तारामती आत पोचून खुर्चीवर बसते न बसते तोच दार भिंतीवर आपटलं.

"तू दाखवलंस मला," कल्याणप्पा म्हणाला.

"दाखवलं. खोटं होतं."

कोयत्याच्या पहिल्या घावालाच काच फुटली. असा आवाज झाला की बाहेरचे बैल बुजले. पांढरे तुकडे खोलीभर उडाले, एक तारामतीच्या गालात घुसला. कल्याणप्पा थांबला नाही. दुसरा, तिसरा, चौथा घाव. चौकटीतून धूर निघाला, वायरी लोंबायला लागल्या. त्याच्याच मनगटाला काच लागली आणि रक्ताची चिळकांडी भिंतीवर आणि तिथल्या कॅलेंडरवर गेली. तो धापा टाकत मागच्या खोलीच्या दारात गेला, घामेजलं अंग दारालगतच्या राखी कपाटाला टेकवून उभा राहिला. कपाटावरचा कुणाचा तरी डबा त्यानं कोपरानं पाडला.

"संपली यादी," तो म्हणाला. "काढ आता. कशातनं काढतीस बघू."

त्याच्या पाठीशी कपाट गुरगुरत होतं. आणि त्याच क्षणी प्रिंटर खडखडायला लागला. दुसरी प्रत. ओळीमागून ओळ. कल्याणप्पा त्या हलणाऱ्या कागदाकडं बघत राहिला. पुढं फुटलेली काच होती, आणि इथं यादी निघतच होती. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

मग तो वळला आणि तिच्या अंगावर आला. तारामतीनं उजवा हात चेहऱ्यापुढं धरला होता. त्यानं कोयता उलटा केला आणि बोथट तुंब्याच्या बाजूनं मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिलाच ऐकू आला, ओली फांदी मोडल्यासारखा. दुसरा घाव बसला नाही. व्यंकटरावांनी, ज्यांनी तीस वर्षांत कुणाला शिवीसुद्धा दिली नव्हती, लोखंडी स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा ते रडत रडत घालत होते. तोवर बॉयलरवरून आबाराव आणि दहाबारा माणसं धावत आली आणि कल्याणप्पा त्यांच्या खाली दिसेनासा झाला. पोलिसांची जीप आली तेव्हा त्याचे पुढचे दोन दात व्यंकटरावांच्या टेबलाखाली पडले होते.

रामलिंगचा ऊस मंगळवारी तुटला. डोक्याला पट्टी बांधून तो बांधावर बसून होता म्हणे, एकेक मोळी मोजत.

गुरुवारी चौकशी झाली. टेबलाच्या पलीकडं चेअरमन, शेतकी अधिकारी आणि कल्याणप्पाचा तो संचालक काका. काकानंच विचारलं, "यादीत फेरफार केला का?"

"यादीत न्हाय. काचेवर केला."

"का?"

"भ्याले म्हणून."

"तुमच्यामुळं एका सभासदाचं डोकं फुटलं."

"व्हय," तारामती म्हणाली.

काकाला आणखी बरंच बोलायचं होतं, पण तिनं एवढं सरळ कबूल केल्यावर त्याला पुढचा शब्द सापडेना. चेअरमन पेन फिरवत राहिले. शेवटी लेखी ताकीद द्यायची ठरली. आपल्या हातून काचेवर खोटा मजकूर उमटवला गेला, पुन्हा असं होणार नाही, असा जबाब. व्यंकटरावांनी तो टाइप केला. तारामतीनं डाव्या हातानं सही केली. ती पहिलीच्या पोरीनं काढल्यासारखी वाकडीतिकडी आली.

पुण्याचा इंजिनिअर शनिवारी आला. काचेमागची फुटकी नळी काढून नेली. आतला बोर्ड शाबूत आहे म्हणाला, की-बोर्डही चालतोय, फक्त दिसणार काही नाही. नवी काच यायला महिना.

सोमवारी तारामती खुर्चीवर बसली. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. गालावर टाक्याची काळी रेघ. समोर रिकामी चौकट होती आणि तिच्यातून पलीकडच्या भिंतीवरची रक्ताचा डाग पडलेली जागा दिसत होती. कॅलेंडर कुणीतरी काढून टाकलं होतं.

"काजवा कुठाय, तेच दिसंना," व्यंकटराव म्हणाले. "कसं करायचं?"

"मोजायचं, काका. एक अक्षर मारलं की तो एक घर पुढं सरकतो. दिसला न्हाय तरी सरकतोच."

तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं सुरुवात केली. एक अक्षर. थांबली. दुसरं. बोट चुकीच्या बटणावर पडल्याचं तिला जाणवलं. तिनं मागं घ्यायचं बटण एकदा दाबलं आणि पुढं चालली. बाहेर माणसं जमायला लागली होती, पण आज कुणी ओरडत नव्हतं. शेवटचं बटण दाबून तिनं हात मांडीवर घेतला.

बराच वेळ काही झालं नाही. मग मागच्या खोलीत प्रिंटर खडखडला.

व्यंकटराव कागद फाडून घेऊन आले, एका काचेचा चष्मा लावून वाचायला लागले.

"कल्याणप्पाचं कितवं आलं?" तारामतीनं विचारलं.

व्यंकटरावांनी तिच्या प्लास्टरकडं बघितलं. "मरू दे की त्याचं."

"बघा, काका."

त्यांनी ओळींवरून बोट खाली खाली नेलं.

"तेरा."

तारामतीनं डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं. रामलिंगमामा, आणि त्यांच्यामागचे तिघं. चार तुटून गेले. सतरातून चार.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "लावा बोर्डाला."